पारपटलाच्या काठावरून

तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी नाहीतर पुडी असतेच. पानटपरीवरची ही इवलीशी प्लास्टिकची पुडी घरी आली, की ती लहान मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही. मूल ती दाबते, दातांनी ओढते, पुडी फुटते आणि ओल्या चुन्याची चिळकांडी थेट डोळ्यात उडते. भारतातल्या नेत्ररुग्णालयांत रसायनाने डोळे भाजलेली जी लहान मुले येतात, त्यांच्यात खायच्या चुन्याची शिकार झालेली मुले ठळकपणे दिसतात. मोठ्यांच्या बाबतीत कारणे वेगळी असतात. कुणी रंगकाम करताना चुन्याच्या बादलीजवळ वाकलेला असतो, कुणाच्या डोळ्यात संडास साफ करायचे अ‍ॅसिड उडते, कुणाच्या तोंडापाशी फटाका फुटतो.

आम्लापेक्षा चुन्यासारखा अल्क अधिक घातक ठरतो. आम्लाने पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाची पुढची वाट काहीशी अडते. चुन्याला असा अडसर होत नाही. तो पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करतो आणि आत उतरत राहतो. शिवाय चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून बसतात आणि डोळा वरवर धुतला तरी तिथे काम करीत राहतात. म्हणून नेत्रतज्ज्ञ पापणी उलटी करून ते कण एकेक टिपून काढतात. पण त्याआधीची, दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीची, अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार हीच सगळ्यात मोलाची. दूध नको, तूप नको, गुलाबपाणी नको. नळाचे पाणी, आणि तेही त्याच क्षणी.

ज्यांच्या बाबतीत ते पाणी उशिरा पोहोचले किंवा पुरे पडले नाही, त्यांच्यासाठी गेल्या तीसेक वर्षांत उभे राहिलेले एक शास्त्र हा या लेखाचा विषय आहे. रुग्णाच्याच डोळ्यातल्या चिमूटभर मूळ पेशी घ्यायच्या, त्या वाढवायच्या आणि भाजलेल्या डोळ्यावर त्यांचा नवा थर चढवायचा. ऐकायला हे भविष्यातले वाटते. प्रत्यक्षात मूळ पेशींच्या ज्या उपचारांनी आश्वासनाच्या पलीकडे जाऊन माणसांना पुन्हा चालते-फिरते केले, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे, आणि त्यातला एक निर्णायक टप्पा हैदराबादला गाठला गेला.

डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. बोलताना आपण त्यालाही बुबुळच म्हणतो आणि त्यावर पांढरा डाग पडला की ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतो. साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे आणि मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे हे पटल डोळ्याच्या प्रकाश वळवण्याच्या एकूण ताकदीपैकी सुमारे दोन तृतीयांश भार एकटे उचलते. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, कारण रक्तवाहिनी आली की पारदर्शकता गेली. सर्वांत वर पाच ते सात पेशींचा पातळ थर असतो. धूळ, वारा आणि पापणीची उघडझाप सोसत हा थर सतत झिजतो आणि आठ-दहा दिवसांत जवळजवळ संपूर्ण नवा होतो.

मग या नव्या पेशी येतात कुठून? पारपटलाच्या मधोमध त्यांचा उगम नाही. काळे बुबुळ संपून डोळ्याचा पांढरा भाग सुरू होतो त्या कडेवर, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळाकार पट्टीत, मूळ पेशी दडलेल्या असतात. डॉक्टर या पट्टीला लिंबस म्हणतात. तिथल्या सूक्ष्म घड्यांच्या तळाशी या पेशी बसलेल्या असतात. त्या क्वचितच विभागतात, पण विभागल्या की त्यांची संतती काठाकडून मध्याकडे सरकत सरकत झिजलेला थर भरून काढते. याच पट्टीचे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. पांढऱ्या भागावरची, रक्तवाहिन्यांनी भरलेली पातळ त्वचा बुबुळावर चढू नये म्हणून ती बांध घालून उभी असते.

चुन्याने ही पट्टी जळाली की दोन्ही कामे एकदम बंद पडतात. झिजलेला थर भरून निघत नाही. साध्या उघडझापीनेही जखम होते, डोळा लाल राहतो, उजेड सोसवत नाही. हळूहळू शेजारची लालसर त्वचा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर पसरते. वडस वाढतो तो साधारणपणे एका कोपऱ्यातून. इथे आक्रमण चहूबाजूंनी होते. शेवटी समोरून पाहणाऱ्याला बुबुळाच्या जागी एक मांसल, पांढुरका पडदा दिसतो. आत भिंग असते, दृष्टिपटल असते, मेंदूकडे जाणारी नसही अनेकदा शाबूत असते. फक्त खिडकी बुजलेली असते.

खिडकी बुजली तर ती बदलावी, हे कुणालाही सुचेल. यशस्वी पारपटल रोपणाचा इतिहासही चुन्यापासूनच सुरू होतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स गावी एडुआर्ड झिर्म या शल्यविशारदाने माणसाच्या डोळ्यात माणसाचे पारपटल बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण होता चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर. पारपटल मिळाले ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून. लोखंडाच्या इजेने तो डोळा काढावा लागला होता. मजुराच्या एका डोळ्यातले रोपण फसले, दुसऱ्यातले टिकले आणि तो कामावर परतला. त्या डोळ्याचा काठ काही प्रमाणात वाचलेला असणार, असे आज म्हणता येते. पण त्या काळी काठाचे महत्त्व कुणालाच ठाऊक नव्हते, आणि पुढची अनेक दशके नेत्रतज्ज्ञांना एक कोडे छळत राहिले. डाग पडलेल्या इतर डोळ्यांत नेत्रदानातून मिळालेले पारपटल वर्षानुवर्षे स्वच्छ राहते. मग रसायनाने भाजलेल्या डोळ्यात तेच पारपटल काही महिन्यांत पुन्हा का गढूळ होते?

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. १९७१ मध्ये डाव्हँगर आणि एव्हेन्सन या नॉर्वेच्या संशोधकांनी गिनीपिगच्या डोळ्यात काठावरच्या रंगीत पेशी मध्याकडे सरकताना पाहिल्या आणि वरच्या थराचे नूतनीकरण काठावरून होत असावे, असे मांडले. १९८६ मध्ये अमेरिकेत तुंग-तिएन सुन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या पारपटलावर काम करून दाखवले, की पारपटलाच्या प्रौढ पेशींत आढळणारे एक विशिष्ट केराटिन काठावरच्या तळातल्या पेशींत नसतेच. म्हणजे त्या पेशी अजून ‘घडायच्या’ आहेत. १९८९ मध्ये त्यांच्याच गटाने याला आणखी भक्कम पुरावा दिला, आणि त्याच वर्षी केनियन व त्सेंग या नेत्रतज्ज्ञांनी निरोगी डोळ्याच्या काठाचे मोठे तुकडे काढून भाजलेल्या डोळ्याला जोडल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. कोडे सुटले होते. दात्याच्या पारपटलावरचा वरचा थर काही महिन्यांत झडून जातो. त्यानंतर तो पुन्हा उभा करायचा तर रुग्णाचा स्वतःचा काठ जिवंत हवा. काठच नसेल तर वर कितीही उत्तम पारपटल बसवले तरी ते निराधार राहते.

केनियन-त्सेंग पद्धतीत एक धोका मात्र राहत होता. रुग्णाच्या एकुलत्या चांगल्या डोळ्याच्या काठाचा बराच मोठा भाग काढावा लागे. उद्या त्या डोळ्याचेच काही बिघडले तर? ज्याचा एक डोळा आधीच गेला आहे, त्याला हा प्रश्न विचारायला धीर लागतो आणि त्याचे उत्तर द्यायलाही.

इथे मदतीला आली ती त्वचेची शेती करणारी प्रयोगशाळा. १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवण्याची पद्धत शोधली. खाली विकिरणाने वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर, आणि त्यांच्या आधाराने वर माणसाच्या पेशी. १९८३ मध्ये गंभीर भाजलेल्या दोन लहान भावांचे प्राण वाचवण्यात अशा वाढवलेल्या त्वचेचा मोठा वाटा होता. ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत शिकून इटलीत परतलेले मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकारी ग्राझिएला पेल्लेग्रिनी यांनी हीच विद्या डोळ्याकडे वळवली. निरोगी डोळ्याच्या काठावरचा एक-दोन चौरस मिलिमीटरचा कण त्यांनी घेतला, त्यातून पेशींचा अखंड पापुद्रा वाढवला आणि तो भाजलेल्या डोळ्यावर बसवला. ‘द लॅन्सेट’मध्ये १९९७ साली आलेल्या त्यांच्या निबंधात फक्त दोन रुग्ण होते. दोघांचेही डोळे अल्काने भाजलेले होते आणि दोघांचाही पृष्ठभाग दोन वर्षांहून अधिक काळ टिकला होता.

२०१० मध्ये पाओलो रामा, पेल्लेग्रिनी आणि दे लुका यांनी ११२ रुग्णांचा अनुभव ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. काहींचा पाठपुरावा दहा वर्षांपर्यंतचा होता आणि ७६.६ टक्के डोळ्यांत पारदर्शक पृष्ठभाग परतला होता. या निबंधातला खरा मोलाचा आकडा मात्र वेगळा आहे. वाढवलेल्या पापुद्र्यात पी-६३ या प्रथिनाने उजळणाऱ्या, म्हणजे अस्सल मूळ पेशींचे प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक असेल तर ७८ टक्के रुग्णांत यश आले. ते तीन टक्के किंवा त्याहून कमी असेल तर जेमतेम ११ टक्क्यांत. पेशी किती वाढल्या यापेक्षा त्यांत मूळ पेशी किती उरल्या, हे महत्त्वाचे. काचपात्रात भराभर वाढलेला देखणा थर डोळ्यावर सहा महिन्यांत संपून जाऊ शकतो, कारण त्याच्यामागे पुन्हा पुन्हा पेशी पुरवणारे कुणी नसते.

या कामातून ‘होलोक्लार’ हे उत्पादन जन्मले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपीय संघाने त्याला सशर्त मान्यता दिली. मूळ पेशी असलेले औषध म्हणून युरोपात मान्यता मिळालेले ते पहिलेच. ब्रिटनमध्ये त्याची छापील किंमत एका डोळ्यामागे ८० हजार पौंड होती. अतिशुद्ध प्रयोगशाळा, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र तुकडी, ठरलेल्या तासांत करायची वाहतूक हे सगळे त्या किमतीत आहे. ती अवाजवी आहे असे म्हणणे सोपे आहे. खरा प्रश्न असा, की चुन्याने आणि अ‍ॅसिडने भाजणाऱ्या डोळ्यांपैकी ही किंमत देऊ शकणाऱ्या घरांत किती डोळे असतात?

हा प्रश्न हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत रोज ओपीडीत बसत होता. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ मध्ये उभारलेल्या या संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि प्रयोगशाळेची बाजू सांभाळणाऱ्या डॉ. गीता वेमुगंटी यांनी २००१ मध्ये स्वतःच्या पद्धतीने काठावरच्या पेशी वाढवून रोपण सुरू केले. त्यांनी उंदराच्या पेशींचा आधार वगळला. बाळंतपणानंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या वारेचे आतले पातळ आवरण तपासून, शुद्ध करून घ्यायचे. त्यावर काठाच्या ऊतीचे बारीक कण ठेवायचे. पोषणासाठी रुग्णाच्याच रक्तातला द्रव वापरायचा. दहा ते चौदा दिवसांत पेशी त्या आवरणावर पसरत आणि ते आवरणच उचलून डोळ्यावर बसवले जाई. २०११ मध्ये त्यांनी २०० रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले. ७१ टक्के डोळ्यांत पृष्ठभाग टिकला होता. इटलीच्या तोडीस तोड आकडा, आणि तोही कितीतरी साध्या साधनांनी.

तरीही प्रयोगशाळा लागतच होती. ती चालवायला पैसा, प्रशिक्षित माणसे आणि परवानग्या लागत होत्या. त्यामुळे उपचार मोजक्या शहरांत अडकून पडला होता. मग पेशी काचपात्रात वाढवण्याऐवजी थेट रुग्णाच्या डोळ्यातच का वाढवू नयेत? सांगवान, डॉ. सायन बसू, शेफिल्ड विद्यापीठाच्या शीला मॅकनील आणि डी. बालसुब्रमणियन यांनी २०१२ मध्ये सहा रुग्णांवरचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे उत्तर आहे. पद्धतीचे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्लेट’.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. आधी भाजलेल्या डोळ्यावरचा मांसल पडदा अलगद सोलून काढतात. खाली पारपटलाचा जो काही भाग वाचला असेल तो उघडा होतो. त्यावर वारेचे आवरण पसरून फायब्रिन ग्लूने चिकटवतात. मग चांगल्या डोळ्याच्या काठावरून दोन बाय दोन मिलिमीटरची पट्टी घेतात. डाळीच्या दाण्याहूनही ती लहान असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे आठ-दहा तुकडे करतात आणि तरव्यातली भाताची रोपे खाचरात अंतर राखून लावावीत तसे ते आवरणावर गोलाकार, बाहुलीसमोरची जागा मोकळी सोडून, एकेक ठेवतात. कुठलीही बाजू वर आली तरी चालते, असे नाही. पेशींची बाजू वरच हवी. वर पुन्हा ग्लूचा थेंब आणि संरक्षणासाठी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. पुढचे काम पेशी स्वतः करतात. प्रत्येक तुकड्याभोवती त्या पसरत जातात, एकमेकींना भिडतात आणि काही आठवड्यांत पृष्ठभाग भरून निघतो. सहाही रुग्णांत सहा आठवड्यांच्या आत हे घडले होते. २०१६ मध्ये १२५ रुग्णांचे निष्कर्ष आले, तेव्हा ७६ टक्क्यांत यश टिकलेले होते. एक शस्त्रक्रियागृह, एक कुशल हात आणि वारेचे आवरण, एवढ्यावर युरोपच्या महागड्या औषधाइतका परिणाम मिळत होता.

प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची पद्धत त्यामुळे निकामी ठरली, असे मात्र नाही. या पेशी असतात कशा, टिकतात कशावर, किती पुरतात, हे सगळे काचपात्रातच कळले. ते ज्ञान हाती नसते तर प्रयोगशाळा वगळण्याचे धाडस कुणी केले नसते. अमेरिकेतही बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयात उला युर्कुनास यांच्या गटाने प्राणिज घटक न वापरता पेशी वाढवण्याची पद्धत १४ रुग्णांवर आजमावली. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत अठरा महिन्यांनंतर पूर्ण किंवा अंशतः यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे होते. तरी भारतासारख्या देशात पहिला मान साध्या पद्धतीचाच असायला हवा. नांदेड किंवा लातूरच्या रुग्णाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे, आणि हा उपचार तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रशिक्षित शल्यविशारदालाही करता येण्याजोगा आहे.

दोन्ही डोळे भाजले असतील तर काय, हा प्रश्न अजून अवघड आहे. रक्ताच्या नातेवाइकाचा काठ घेता येतो, पण मग शरीराने तो नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यांचा खर्च आणि दुष्परिणाम दोन्ही रुग्णाच्या माथी येतात. जपानने वेगळी वाट काढली. २००४ मध्ये कोहजी निशिदा आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या गालाच्या आतल्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन पेशींचा पापुद्रा वाढवला. ज्या ताटलीत तो वाढवला तिचा पृष्ठभाग तापमान उतरताच पकड सोडणारा होता, त्यामुळे पापुद्रा न फाटता अखंड निघाला आणि टाके न घालता डोळ्यावर बसला. पुढे निशिदा यांनीच ओसाका विद्यापीठात, शिन्या यामानाका यांच्या नोबेलविजेत्या शोधाच्या आधारे, साध्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन त्यांच्यापासून पारपटलाच्या पेशी घडवल्या. त्यांचे पहिले रोपण २०१९ मध्ये झाले. चार रुग्णांचे दोन वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापले. चौघांचीही स्थिती सुधारली होती. आशा वाटावी असा हा प्रयोग आहे, पण तो चार माणसांवरचा आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

पारपटलाच्या अगदी आतल्या थराची कथा वेगळी. तिथल्या पेशी पाणी उपसून पारपटल स्वच्छ ठेवतात आणि प्रौढ माणसात त्या नव्याने वाढत नाहीत. क्योटोच्या शिगेरू किनोशिता यांच्या गटाने दात्याच्या अशा पेशी काचपात्रात वाढवल्या, डोळ्यात दहा लाख पेशी सुईने सोडल्या आणि रुग्णाला तीन तास पालथे झोपवले, म्हणजे पेशी आपसूक पारपटलाच्या आतल्या बाजूला बसतील. २०१८ मध्ये ११ रुग्णांवरचा हा अनुभव जाहीर झाला आणि २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली.

या यशकथांपुढे रुग्णाचा प्रश्न एकच असतो: दिसेल का? प्रामाणिक उत्तर असे, की काठावरच्या पेशी वरचा थर परत देतात, सगळा डोळा नाही. पापणी आत वळलेली असेल किंवा डोळ्याला चिकटलेली असेल तर ती आधी दुरुस्त करावी लागते. अश्रू अजिबात नसतील तर नव्या पेशी कोरड्या जमिनीवर तग धरत नाहीत. खालच्या जाड थरावर खोल डाग असेल तर पृष्ठभाग स्थिरावल्यावर नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवावे लागते. फरक इतकाच, की आता ते टिकण्याची शक्यता असते. म्हणूनच मूळ पेशी आल्याने नेत्रदानाची गरज संपलेली नाही. आणि डोळ्याचा दाब वाढून आतली नस आधीच मेली असेल तर कुठल्याही पेशी काही करू शकत नाहीत.

याच कारणाने ‘स्टेम सेल’ या नावाने केलेल्या प्रत्येक जाहिरातीकडे सावधपणे पाहायला हवे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये दृष्टिपटलाच्या विकारासाठी तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या. प्रत्येकीने पाच हजार डॉलर मोजले होते आणि तिघींचीही दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. ही घटना २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. पारपटलाचे शास्त्र याच्या नेमके उलट उभे राहिले आहे. त्यात कोणती पेशी, कुठून, किती आणि कशासाठी, या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे. ज्या डॉक्टरला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या सुईखाली डोळा देऊ नये.

गावोगावी अशी माणसे आहेत, की ज्यांचा एक डोळा लहानपणी चुन्याने किंवा फटाक्याने गेला, रोपण करून पाहिले, तेही गढूळ झाले आणि ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य घेऊन ती घरी परतली. पंचवीस वर्षांपूर्वी ते वाक्य खरे होते. आज ते तपासल्याशिवाय मान्य करू नये. अशा व्यक्तीने जुने कागद घेऊन पारपटलाच्या तज्ज्ञाकडे एकदा जरूर जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: काठ किती शाबूत आहे, दुसऱ्या डोळ्यातून तुकडा घेता येईल का, आणि आतली नस जिवंत आहे का. तिन्ही उत्तरे अनुकूल आली तर बंद केलेली फाइल पुन्हा उघडण्याचा आग्रह धरावा.